गणिताच्या शिक्षकाची वाट

बारावीचा निकाल लागला की मुलाने पुढे काय व्हावे ह्याचा खल घरोघरी सुरू होतो. डॉक्टर, इंजिनियर, परिचारिका, परदेशातील नोकरी ही नावे आधी निघतात. अशा वेळी एखाद्या मुलीने आपल्याला गणिताची शिक्षिका व्हावयाचे आहे असे सांगितले, तर वडीलधारी माणसे विचारतात, "गणित एवढे चांगले, मग नुसती मास्तरकीच का?" ह्या 'नुसती' शब्दाविषयी आज आम्हांला वाचकांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

गणित येणे आणि गणित शिकविता येणे ह्या दोन निराळ्या गोष्टी होत. लहान इयत्तेतील एखादा मुलगा अर्धा आणि एक तृतीयांश ह्यांची बेरीज दोन पंचमांश अशी करतो. वरचे आकडे त्याने वर मिळविले, खालचे खाली. त्या उत्तरावर फुली मारणे कोणालाही जमेल. परंतु खरा शिक्षक त्याला जवळ घेऊन विचारतो, "बाळ, ताटात अर्धी भाकरी होती, आईने आणखी तिसरा हिस्सा वाढला. आता भाकरी अर्धीहून जास्त झाली की कमी?" जास्तच व्हावयास हवी, आणि दोन पंचमांश तर अर्ध्याहूनही कमी! आपली चूक मुलाला आपणच उमगते. मग भाकरीचे सहा सारखे तुकडे कल्पावयाचे. अर्ध्या भाकरीचे तीन, तिसऱ्या हिश्शाचे दोन, मिळून पाच. म्हणजे पाच षष्ठांश. समान छेद कशासाठी घ्यावयाचा हे त्या मुलाला जन्मभर आठवते. ज्याला हे कोणी दाखविले नाही, तो गणित आपल्या नशिबी नाही असे ठरवून मोकळा होतो, आणि दहावीपर्यंत ती धास्ती त्याची पाठ सोडीत नाही.

म्हणून ह्या वाटेला निघालेल्या विद्यार्थ्याने दुहेरी अभ्यास करावा लागतो. एक वाट जुनी आहे: गणित घेऊन विज्ञानाची पदवी आणि त्यानंतर बी.एड. हा बी.एड.चा अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा झाला असून त्यात 20 आठवडे प्रत्यक्ष शाळेत काम करावे लागते. दुसरी वाट बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची, जी 2023 साली देशात सुरू झाली. तीत पदवी आणि बी.एड. एकत्र होऊन एक वर्ष वाचते. शिक्षकांच्या अशा एकत्रित शिक्षणासाठी म्हैसूर आणि भोपाळ येथील प्रादेशिक संस्था 1963 पासून प्रसिद्ध आहेत. बेळगाव व हैदराबादकडील मुलांना म्हैसूरची, तर गोवा, बडोदे, इंदूर व ग्वाल्हेरकडील मुलांना भोपाळची संस्था आपल्या विभागाची होय.

आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी पात्रता परीक्षाही द्यावी लागते. केंद्रीय परीक्षेत सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञान शिक्षकाचा पेपर 150 गुणांचा असतो. त्यांतील 60 गुण गणित व विज्ञानाचे. उरलेले 90 बालमानस आणि दोन भाषा ह्यांचे! ही वाटणी पुष्कळ काही सांगून जाते. आकड्यांवर प्रभुत्व असलेल्यालाही मुलाचे मन आणि मुलाची भाषा कळली पाहिजे.

संत जॉन बाप्टिस्ट द ला साल ह्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. गरिबांच्या मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्या फ्रेंच मातृभाषेतून शिकविण्याचा त्यांनी आग्रह धरला आणि 1685 साली रॅन्स शहरी शिक्षकांसाठीच एक शाळा काढली. चांगला शिक्षक घडवावा लागतो, हे त्यांनी जाणले. 1950 साली पोप बारावे पायस ह्यांनी त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले.

तेव्हा आईबापांस आमची विनंती एवढीच की, मुलाचा कल ह्या कामाकडे असेल तर त्याला मागे ओढू नये. ही वाट चार-पाच वर्षांची आहे आणि मिळकत उशिरा सुरू होते, हे खरे. तेवढा धीर कुटुंबाने धरावा. मुलानेही कॉलेजात असतानाच रविवारी मिस्सा आटोपल्यावर धर्मग्रामातील चारदोन लहानग्यांना घेऊन बसावे. त्यांची एखादी चूक कोठून उपजली हे शोधण्यात ज्याला आनंद वाटेल, त्याने आपले पाचारण ओळखले असे समजावे.