सार्वजनिक कायद्यातील सुधारणा आणि विधी संशोधन सहायकाचे कार्य : दोडामार्ग तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

कायद्यातील सुधारणा म्हटली की विधिमंडळ, न्यायालय किंवा विधी आयोग यांची नावे डोळ्यांसमोर येतात. भारतात मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील पहिला विधी आयोग 1834 मध्ये, तर स्वातंत्र्योत्तर काळातील पहिला आयोग एम. सी. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली 1955 मध्ये नेमला गेला. अशा आयोगांच्या, समित्यांच्या व जनहित याचिकांच्या मागे जुनी राजपत्रे चाळणारा, कलमांची तुलना करणारा आणि याद्या पडताळणारा विधी संशोधन सहायक असतो. अहवालाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव नसते. प्रस्तुत लेखात त्याच्या कामाचे स्वरूप दोडामार्ग तालुक्यातील संवेदनशील क्षेत्राच्या प्रश्नाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रश्नाची पार्श्वभूमी :

राज्यसंस्था आणि नागरिक यांच्यातील संबंधांचे नियमन करणारा तो सार्वजनिक कायदा होय. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, 1986 हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पश्चिम घाटासाठी 2010 मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमण्यात आली. तिने ऑगस्ट 2011 मध्ये सादर केलेला अहवाल माहितीच्या अधिकाराखालील लढ्यानंतर मे 2012 मध्ये जनतेसमोर आला. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन कार्यगटाने एप्रिल 2013 मध्ये अहवाल दिला. त्यात सावंतवाडी व दोडामार्ग हे तालुके संवेदनशील क्षेत्रातून वगळले गेले. गाडगीळ समितीसमोर याच परिसरातील ग्रामसभांनी आपली गावे संवेदनशील जाहीर करावीत असे ठराव मांडले होते, हे लक्षात घेता ही वगळणूक अधिकच खटकते. मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये या वन्यजीव भ्रमणमार्गातील वृक्षतोडीस मनाई केली आणि मार्च 2024 मध्ये पुन्हा या प्रश्नावर निर्णय दिला. दरम्यान केंद्र शासनाच्या मसुदा अधिसूचना 2014 ते 2024 या काळात सहा वेळा निघाल्या.

कार्याचे स्वरूप :

अशा प्रकरणात सहायकाचे पहिले काम म्हणजे अहवाल, ठराव, आदेश व अधिसूचना यांचा तारीखवार आलेख तयार करणे. हे काम वरवर कारकुनी वाटते; पण कोणता आदेश कोणत्या अहवालापूर्वीचा आहे हे चुकले तर पुढील सर्व युक्तिवाद कोसळतो.

दुसरे काम गावांच्या नावांचे होय आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तेच सर्वांत कठीण आहे. दोडामार्ग हा स्वतंत्र तालुका 1999 मध्ये सावंतवाडीतून निर्माण झाला. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यात होता आणि त्याही आधी सावंतवाडी संस्थानात. त्यामुळे कळणे किंवा झोळंबे यांसारख्या गावाची जुनी नोंद शोधणाऱ्याला दोडामार्ग या शीर्षकाखाली काहीच सापडत नाही. त्यात इंग्रजी यादीतील स्पेलिंग वेगळे, महसुली गाव वेगळे, ग्रामपंचायत वेगळी आणि लोकांच्या तोंडी असलेली वाडी आणखी वेगळी. बंदी किंवा संरक्षण मात्र परिशिष्टात छापलेल्या नावालाच लागू होते. एक नाव सुटले तर डोंगराचा एक उतार कायद्याच्या बाहेर राहतो.

तिसरे काम मजकुराच्या अचूक वाचनाचे आहे. ‘संवेदनशील क्षेत्र झाले की काजूची बाग लावता येणार नाही’ ही भीती गावोगावी ऐकू येते. मसुदा अधिसूचनेत प्रत्यक्षात खाणकाम, दगडखाण व वाळूउपसा यांवर पूर्ण बंदी, चालू खाणी पाच वर्षांच्या आत टप्प्याटप्प्याने बंद करणे, नवे औष्णिक वीज प्रकल्प व 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामे यांवर बंदी अशा तरतुदी आहेत. जमिनीची मालकी किंवा शेती काढून घेण्याची तरतूद त्यात नाही. तथापि, सहायकाने शेतकऱ्याची शंका अडाणीपणा म्हणून झटकू नये. वृक्षतोडीवरील न्यायालयीन मनाई आणि मसुद्यातील तरतुदी या दोन भिन्न बाबी एकाच क्षेत्रात एकत्र आल्यामुळेच ती शंका उत्पन्न झाली आहे. त्या वेगळ्या करून दाखविणे हे संशोधनाचेच काम होय.

भाषा व मुदत :

भारताचे राजपत्र हिंदी व इंग्रजीत प्रसिद्ध होते. ग्रामसभेचे कामकाज मराठीत चालते. 2020 मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतील भाषांत अनुवाद करण्याचे निर्देश दिले होते. केंद्र शासनाच्या 2014 च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणातही मसुदा किमान 30 दिवस जनतेसमोर ठेवावा असे म्हटले आहे. संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यावर हरकतींसाठी 60 दिवस मिळतात. ही मुदत अधिसूचनेवरील तारखेपासून नव्हे, तर राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणून गावासाठी हरकत लिहून देणाऱ्या सहायकाने आपल्या टिपणात प्रथम तीच तारीख नोंदवावी आणि मराठी अनुवाद गावात कोणत्या दिवशी पोहोचला, हे तिच्या शेजारी लिहावे.