जन्माचे वजन आणि मुलांचा स्वभाव



आमचा नातू आठव्या महिन्यातच जन्मला. वजन १६५० ग्रॅम. आता तो सहा वर्षांचा आहे. मागे पालकसभेत बाई म्हणाल्या, "हुशार आहे, पण लक्ष टिकत नाही आणि मुलांत फारसा मिसळत नाही." घरी हा विषय निघाला तेव्हा मी बोलून गेलो, "सूनबाईंनी त्या दिवसांत नीट खाल्लं असतं तर…" सून काही न बोलता आत गेली. ते वाक्य मला बोचत राहिले. मी बीकॉम, आयुष्य बँकेत गेले, डॉक्टर नव्हे. पण त्यानंतर जे वाचले आणि बालरोगतज्ज्ञांना विचारून समजून घेतले, ते आपल्यासमोर ठेवतो.

जन्मतः वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला 'कमी वजनाचे बाळ' म्हणते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, वजनाची नोंद असलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे अशी होती. म्हणजे साधारण पाचातले एक. त्यामुळे हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही.

बाळ लहान असण्याचे दोन प्रकार आहेत. एक, दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेले. दुसरे, दिवस पूर्ण भरूनही पोटात वाढ कमी झालेले. काही बाळांत दोन्ही असते. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाचा मेंदू फार वेगाने वाढतो. लवकर जन्मलेल्या बाळाची ही वाढ आईच्या पोटाऐवजी काचेच्या पेटीत होते.

अशा मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतलेले अभ्यास अनेक देशांत झाले आहेत. त्यांत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात : लक्ष न टिकणे, भित्रेपणा किंवा काळजी करण्याचा स्वभाव आणि इतर मुलांत मिसळायला अवघड जाणे. दांडगाई, मारामारी हे त्यामानाने कमी आढळते. वजन जितके कमी आणि जन्म जितका लवकर, तितकी शक्यता जास्त. दोन-सव्वादोन किलोच्या बाळात फरक अगदी थोडा असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. त्यांची बौद्धिक क्षमता इतरांपेक्षा सरासरीने थोडी कमी, पण सर्वसाधारण मर्यादेतच होती.

इथे हिशेबातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. सरासरी ही गटाची असते, एका मुलाची नव्हे. कमी वजनाच्या बहुतेक मुलांत असा काही त्रास दिसत नाही आणि साडेतीन किलोची कित्येक मुलेही वर्गात चुळबुळ करतात. जन्माचे वजन ही खात्याची सुरुवातीची शिल्लक. पुढचे व्यवहार आपल्या हाती असतात.

ते कसे, हे कोलंबियातल्या बोगोटा शहराने दाखवले. तिथे १९७८ मध्ये डॉक्टरांनी लहान बाळांना आईच्या छातीशी, उघड्या अंगाला लावून ठेवायला सुरुवात केली. यालाच 'कांगारू मातृसेवा' म्हणतात. अशी बाळे वीस वर्षांनी तपासली, तेव्हा नेहमीच्या पद्धतीने वाढवलेल्या बाळांच्या तुलनेत त्यांच्यात अतिचंचलता आणि आक्रमकपणा कमी आढळला. आमच्या सुनेने सहा आठवडे रोज तासन्‌तास हेच केले होते. मी ते पाहिले होते, पण त्याचे मोल तेव्हा कळले नव्हते.

राहिला आईच्या खाण्याचा प्रश्न. रक्तदाब, जंतुसंसर्ग, रक्तक्षय, वारेचे दोष, जुळी बाळे अशी अनेक कारणे असतात. लवकर झालेल्या बाळंतपणाचे नेमके कारण पुष्कळदा डॉक्टरांनाही सापडत नाही. तेव्हा आईला दोष देण्यात अर्थ नाही.

घरात असे बाळ असेल तर तीन गोष्टी कराव्यात. पहिल्या दोन वर्षांत वय मोजताना जितके आठवडे लवकर जन्म झाला तितके वजा करावेत, म्हणजे शेजारच्या मुलाशी उगाच तुलना होत नाही. शाळेला जन्माची माहिती द्यावी. आणि शंका आली तर थांबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर अशा मुलांच्या तपासणीसाठी केंद्रे आहेत.

नातवाला बाईंनी आता पुढच्या बाकावर बसवले आहे. संध्याकाळी मी त्याला बागेत नेतो, दोन मित्र झाले आहेत. आणि सुनेची मी माफी मागितली. उशिरा का होईना, ती नोंद दुरुस्त करणे माझेच काम होते.