मोडाच्या नाचणीचं काम

भोर-वेल्ह्याकडे खाचरात भात आणि उताराच्या वरकस जमिनीत नाचणी, वरई, अशी जुनी रीत. पुणे-सातारा महामार्गाला लागून असलेल्या कामथडीत तान्ह्या मुलासाठी नाचणीचं सत्त्व अजूनही काही घरांत हातानं करतात. एका घरात ते मला सुरुवातीपासून बघायला मिळालं.

नाचणी निवडून, धुऊन रात्रभर भिजत घातली. सकाळी उपसून ओल्या सुती फडक्यात बांधली. पुरचुंडी सोडली तेव्हा दाण्यादाण्याला पांढरा मोड होता आणि ओलसर, गोडूस वास येत होता. मग दाणे पसरून खडखडीत वाळवले, चोळून, पाखडून मोड काढले आणि मंद आचेवर जरासे गरम केले. घरातल्या आजी सुनेला पुन्हा पुन्हा बजावत होत्या, "करपू देऊ नको गं. नुसती ऊब लागू दे."

त्या बजावण्याला पक्कं कारण आहे. मोड फुटताना दाणा अमायलेज नावाचं विकर तयार करतो. कोंबाला पोसण्यासाठी साठवलेला स्टार्च तोडायचा असतो, तो हे विकर तोडतं. जास्त भाजलं की ते निकामी होतं. आपल्या लाळेतही अमायलेज असतं, म्हणून भाकरीचा घास सावकाश चावला की गोडसर लागतो. जठरातल्या आम्लात लाळेचं काम थांबतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाचं अमायलेज ते हाती घेतं आणि आतड्याच्या अस्तरातली विकरं शेवटी ग्लुकोज मोकळं करतात. तान्ह्या बाळाच्या स्वादुपिंडात मात्र पहिले काही महिने अमायलेज फारच कमी असतं.

आजींनी साध्या नाचणीच्या पिठाची पेज शिजवली. चमचा उभा राहील इतकी घट्ट. खाली उतरवून थोडी निवू दिली आणि त्या मोडाच्या नाचणीचं चमचाभर पीठ घालून ढवळली. काही मिनिटांत तीच पेज चमच्यावरून धारेनं ओघळू लागली, पाण्याचा थेंबही न घालता! मला यातलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. बाळाचं पोट लहान. पाणी घालून पेज पातळ केली तर वाटीभर खाऊनही अंगी थोडंच लागतं. इथे पीठ तेवढंच राहतं, फक्त स्टार्चच्या लांब साखळ्या तुटतात.

पायन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये मोड आलेल्या जवातून हेच काम करणारा पदार्थ वेगळा काढला. आज अमायलेज कारखान्यांत जिवाणू आणि बुरशीपासून बनतं, आणि ते कापडधंद्यातही लागतं. यंत्रमागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला स्टार्चची खळ देतात. इचलकरंजीत या कामाला सायझिंगच म्हणतात. विणून झाल्यावर ती खळ निघाली नाही तर कापडावर रंग सारखा बसत नाही. पूर्वी त्यासाठी आम्लही वापरत, पण त्यानं धागा कमजोर होण्याची भीती असे. अमायलेज खळ तोडतं, कापसाला हात लावत नाही. जिवाणूंपासून मिळणारी काही अमायलेज तर उकळत्या पाण्याच्या आसपासही टिकतात. नाचणीच्या मोडातलं तितकं काटक नाही.

म्हणून घरी करणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं अन्न सुरू कराल तेव्हा मोडाचं पीठ उकळत्या पेजेत टाकू नका. पेज उतरवून, थोडी निवल्यावर घाला, ती पातळ होऊ द्या. मोडाच्या ओलीत जंतूही वाढतात, तेव्हा नंतर एक उकळी जरूर आणा आणि कोमट झाल्यावर भरवा.