देवाची थट्टा आणि माणसाची थट्टा

गेल्या वैशाख पौर्णिमेला एका वस्तीतील बुद्धविहारात बोलायला गेलो होतो. माझ्या आधी एक तरुण वक्ता उभा राहिला. शिकलेला, आवाज खणखणीत, चळवळीची तळमळ असलेला. गणपतीच्या सोंडेपासून मारुतीच्या शेपटीपर्यंत त्याने एकेक देव घेतला आणि पोरांना पोट धरून हसविले. मग गाडी देवांवरून बायकांवर आली. उपासतापास करणाऱ्या, अंगात आणणाऱ्या, घरात चोरून देव ठेवणाऱ्या बाया म्हणजे बिनडोक, त्यांच्यामुळेच समाज मागे राहिला, असे तो म्हणाला. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून पांढरे लुगडे नेसलेली एक आजी उठली, मूर्तीपुढे हात जोडले आणि खीर न घेताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, "छप्पन्न साली माझ्या बापानं देव्हाऱ्यातले सगळे टाक टोपलीत भरले न् नदीत सोडून दिले. आईनं मरीआईचा एक टाक पदरात लपवला. तिची दोन लेकरं पटकीनं गेली होती, भ्यायची ती. पण मला शाळेत घातलं ते तिनंच, बाप नको म्हणत होता. तो टाक माझ्याजवळ डब्यात हाय. मी पुजत नाही, दादा. पर काल त्या पोरानं माझ्या आईला बिनडोक म्हटलं."

हे त्या तरुणाला सांगितले तेव्हा तो उसळला. "म्हणजे आता देवाधर्माची चिकित्साच करायची नाही? भावना दुखावतात म्हणून तोंड बंद ठेवायचे? मग सर, आपल्यात आणि मनुवाद्यांत फरक काय?"

प्रश्न टाळण्यासारखा नाही. चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्यासमोर तो कधी ना कधी येतोच.

पहिली गोष्ट ही की, थट्टा आपल्याला परकी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले. त्यात धोंडिबा विचारतो, जोतीराव सांगतात आणि मत्स्य, कच्छ, वराह असे एकेक अवतार उघडे पडत जातात. परशुराम चिरंजीव आहे असे भटजी सांगत होते ना? मग जोतीरावांनी त्याला रीतसर पत्रच धाडले, सहा महिन्यांच्या आत हजर हो! चिरंजीवाचे उत्तर अजून यायचे आहे. याहून जहाल थट्टा मराठीत कोणी केली असेल तर दाखवावी.

आणि तथागत? दीघनिकायातले केवट्ट सुत्त वाचा. चार महाभूते कुठे निःशेष होतात, हे विचारत एक भिक्खू देवलोकांच्या पायऱ्या चढत थेट महाब्रह्म्यापर्यंत जातो. ब्रह्मा सर्व देवांसमोर आपल्या पदव्यांचा पाढा वाचतो. भिक्खू पुन्हा विचारतो, ब्रह्मा पुन्हा पदव्याच सांगतो. शेवटी त्याच्या दंडाला धरून बाजूला नेतो आणि हळूच सांगतो की, बाबा रे, मलाही ठाऊक नाही, पण या देवांसमोर ते कसे बोलू? सृष्टीच्या निर्मात्याची अशी फजिती अडीच हजार वर्षांच्या परंपरेत आपल्याकडे जपून ठेवलेली आहे.

तेव्हा श्रद्धेला हसूच नये, असे जे म्हणतात त्यांच्याशी आपले जमणे नाही. तसे म्हणणारे कोण असतात, हेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली बाबासाहेबांच्या ग्रंथमालेचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रकाशित केला. राम व कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून गदारोळ उठला. ते वगळा म्हणून शिवसेना रस्त्यावर आली. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीला ग्रंथाची प्रत जाळण्यात आली. उत्तरादाखल ५ फेब्रुवारीला मुंबईत आपल्या लोकांचा महासागर लोटला. अखेर परिशिष्ट राहिले आणि शासन या मतांशी सहमत नाही, अशी तळटीप आली. पण त्या प्रकरणात थट्टा होती तरी कुठे? बाबासाहेबांनी त्यांचेच ग्रंथ समोर ठेवून प्रश्न विचारले होते. ज्याच्याजवळ उत्तर नसते, त्याला प्रश्नच अपमान वाटतो.

उत्तर प्रदेशात हेच झाले. पेरियार यांच्या रामायणावरील पुस्तकाचा हिंदी अनुवाद 'सच्ची रामायण' ललई सिंह यादव यांनी काढला. सरकारने १९६९ साली तो जप्त केला. हा माणूस कोर्टात लढला, १९७१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात जिंकला आणि १९७६ साली सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचे अपील फेटाळले. सात वर्षे एका पुस्तकासाठी!

धार्मिक भावनांना संरक्षण देणारे २९५-अ हे कलम इंग्रजांनी १९२७ साली 'रंगीला रसूल' प्रकरणानंतर आणले. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने नांदते आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अपमान हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेला असला पाहिजे, अशी त्याची अट आहे. पण हेतू कोर्टात ठरणार आणि तोवर चकरा लिहिणाऱ्याने मारायच्या. शंबूकाचा वध आणि एकलव्याचा अंगठा पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगितला गेला, तेव्हा कोणाच्या भावना दुखावल्या, याची नोंद कुठल्या ठाण्यात आहे?

त्याच १९२७ साली, २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. माणसाचा विटाळ ठरवणारा ग्रंथ जळाला. माणूस, मग तो कुठल्याही जातीत जन्मलेला असो, व्यासपीठावर आपल्यासोबत उभा होता. मला त्या तरुणाला हेच दाखवायचे होते. जोतीरावांनी परशुरामाला हजर होण्यास फर्मावले, पंढरीला निघालेल्या कुणब्याला नव्हे. गाडगेबाबा नवसाच्या बोकडावर, कर्ज काढून घातलेल्या जेवणावळीवर कीर्तनात हशा पिकवीत. पण ज्यांना हसवीत त्यांच्याच गावाची घाण त्यांनी दिवसा खराट्याने झाडलेली असे. खराटा न धरता नुसता हशा उसना घेतला, तर आजी उठून जाणारच.

नागपूरच्या बावीस प्रतिज्ञा पाहा. मी मानणार नाही, मी करणार नाही, असे ते स्वतःला बांधून घेणे आहे. शेजाऱ्याला हिणवीन, अशी एकही प्रतिज्ञा त्यात नाही. नालंदेचा उपाली गृहपती निगंठांचा शिष्य होता. बुद्धांना वादात हरवायला आला आणि त्यांचाच उपासक झाला. तथागतांनी त्याला आधी नीट विचार कर म्हटले, आणि तुझ्या दारी येणाऱ्या निगंठांची भिक्षा बंद करू नकोस, असेही सांगितले. आजकाल आपल्यातले काहीजण मुसलमानाच्या अजानवर, बुरख्यावर विनोद करून स्वतःला विज्ञाननिष्ठ समजतात. ज्या समाजाला आधीच सगळीकडून धक्के बसत आहेत, त्याला बहुसंख्याकांच्या कळपात उभे राहून हसणे, यात कसला आला विद्रोह?

आता आपल्याच घरचे. २०१२ साली अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातील शंकर यांच्या १९४९ सालच्या व्यंगचित्रावरून संसदेत वादळ झाले. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक उगारलेले नेहरू. संविधान घडविणाऱ्या महामानवाच्या पाठीशी चाबूक पाहून मलाही राग आला होता, आजही येतो. त्या चित्रावर बोलण्याचा, ते पाठ्यपुस्तकात नको म्हणण्याचा हक्क आपल्याला होताच. पण पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली, ते चुकलेच. तेव्हा आपल्या सभांतून हे स्पष्ट बोलणारे थोडे होते, आणि मीही त्यांत नव्हतो. ब्रह्मजाल सुत्तात तथागत भिक्खूंना सांगतात की माझी, धम्माची वा संघाची कोणी निंदा केली तर रागावू नका, रागावलात तर त्याचे बोलणे खरे की खोटे हे तुम्हाला कळणारच नाही. अमरावतीला ग्रंथ जाळणाऱ्यांना जे आपण सांगितले, ते पुण्यात आपल्याच पोरांना सांगायला आपली जीभ का अडखळली?

त्या तरुणाला मी विचारले, 'गुलामगिरी' वाचलीस का? तो थोडा ओशाळला. मोबाइलवर आलेले तुकडे वाचले होते, पुस्तक नाही. मी त्याला माझी प्रत दिली आणि आजीचे घर दाखविले. तो गेला की नाही, ठाऊक नाही. वर्षावासात त्याच विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचे वाचन होते. पहिल्या दिवशी मी जाणार आहे आणि मागच्या रांगेकडे पाहणार आहे.