मत बदलले तरी नियत कायम

छत्रपती संभाजीनगरहून हर्सूल, सावंगी, चौका मागे टाकत जळगावच्या रस्त्याने निघाले की फुलंब्री लागते. रमजानच्या दिवसांत संध्याकाळी येथे फळांच्या गाड्यांवर टरबूज, केळी आणि खजूर घ्यायला गर्दी होते. त्या गर्दीत रोजेदार असतात, तसे रोजेदार मित्राच्या घरी फळे घेऊन जाणारेही असतात. तरावीहची नमाज आटोपली की चहाच्या टपऱ्यांवर गप्पा रंगतात. दिवसभराच्या उपवासानंतर शांत झालेली माणसे शेतीवर बोलतात, कापसाच्या भावावर बोलतात आणि शेवटी विषय राजकारणावर येतो. मग कुणीतरी कुणाला टोमणा मारतोच, 'मागच्या वेळी तर तू वेगळंच बोलत होतास!'

हा टोमणा फुलंब्रीत चांगलाच लागू पडावा, अशी इथली अलीकडची गोष्ट आहे. फुलंब्री विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभेत येतो. तिथे १९९९ पासून २०१९ पर्यंत सलग पाच वेळा भाजपचे रावसाहेब दानवे निवडून आले. जून २०२४ मध्ये मतदारसंघाने काँग्रेसचे कल्याण काळे यांना एक लाखाहून अधिक मतांनी विजयी केले. हेच काळे २००९ मध्ये दानवे यांच्याकडून थोडक्या मतांनी हरले होते. याच निवडणुकीत फुलंब्री तालुक्यातील गेवराई पायगाचे तरुण सरपंच मंगेश साबळे यांनी अपक्ष उभे राहून दीड लाखाहून अधिक मते घेतली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, नोव्हेंबर २०२४ मध्ये, फुलंब्रीने विधानसभेसाठी भाजपच्या अनुराधा चव्हाण यांना निवडले.

मतदार चंचल आहे, असे यावर कुणी म्हणेल. पण लोकसभेचा प्रश्न वेगळा होता आणि विधानसभेचा वेगळा. प्रश्न बदलला की उत्तर बदलू शकते. मतदाराला तो अधिकार आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. आपण काल जे बोललो, त्यालाच आज चिकटून राहायचे, एवढाच खंबीरपणाचा अर्थ असेल, तर विचार करण्याची गरजच उरत नाही.

इस्लामी विद्वत्तेच्या इतिहासात यावर एक सुंदर उदाहरण आहे. इमाम शाफई यांचा काळ इसवी सन ७६७ ते ८२०. बगदादमध्ये असताना त्यांनी अनेक प्रश्नांवर आपले निर्णय दिले. पुढे ते इजिप्तला गेले. तिथले लोक, तिथले व्यवहार आणि तिथल्या विद्वानांकडचे ज्ञान त्यांनी पाहिले आणि आपली कित्येक मते बदलली. त्यांच्या जुन्या मतांना 'कौल-ए-कदीम' आणि नव्या मतांना 'कौल-ए-जदीद' म्हणतात. ही दोन्ही मते ग्रंथांत नोंदलेली आहेत, लपवलेली नाहीत. आपल्या कोकणातील मुस्लिम बहुसंख्येने याच शाफई परंपरेचे. मराठवाड्यातील बहुतेक मुस्लिम हनफी. त्या परंपरेतही इमाम अबू हनीफा यांचे शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद यांनी आपल्या गुरूशी अनेक ठिकाणी मतभेद नोंदवले आणि तरीही ते त्याच परंपरेचे आधारस्तंभ मानले गेले.

आता दुसरी बाजू. इमाम अहमद बिन हंबल हे शाफई यांचेच शिष्य. खलिफा मामून याने ८३३ मध्ये विद्वानांवर एक सरकारी मत लादायला सुरुवात केली. कुरआन ही निर्माण केलेली वस्तू आहे, असे प्रत्येकाने मान्य करावे, हा त्याचा आग्रह होता. अनेकांनी मान तुकवली. अहमद यांनी नकार दिला. पुढच्या खलिफाच्या काळात त्यांना कैदेत फटके मारण्यात आले, तरी ते हलले नाहीत. गुरूने मते बदलली, शिष्याने बदलली नाहीत, आणि इतिहासाने दोघांनाही मान दिला. याचे कारण सोपे आहे. शाफई यांना मत बदलून खुर्ची मिळणार नव्हती. अहमद यांच्या ठामपणाची किंमत त्यांनी स्वतःच्या पाठीवर मोजली. मत बदलणाऱ्याला विचारावे, यात तुझा फायदा किती? ठाम राहणाऱ्याला विचारावे, याची किंमत कोण मोजतो?

मराठवाड्यात हे दोन प्रश्न कोरड्या चर्चेचे नाहीत. १९४८ मध्ये हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहिले. धमक्या आल्या, तरी लेखणी थांबली नाही. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. त्यांच्या ठामपणाची किंमत त्यांनी स्वतः दिली.

तीस वर्षांनी मराठवाडा पुन्हा एका कसोटीला लागला. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव द्यावे, ही दलित समाजाची मागणी होती. या शहरात मिलिंद महाविद्यालय उभारून बाबासाहेबांनीच गरिबांच्या मुलांसाठी उच्च शिक्षणाचे दार उघडले होते. १८ जुलै १९७८ रोजी शरद पवार मुख्यमंत्री झाले आणि नऊच दिवसांनी, २७ जुलैला, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव मंजूर केला. त्यानंतर मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. ठरावाची अंमलबजावणी थांबली.

विरोध करणाऱ्यांत केवळ दंगेखोर नव्हते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे थोर सेनानी गोविंदभाई श्रॉफ आणि 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक अनंत भालेराव हेही नामांतराच्या विरोधात होते. मराठवाडा या नावात प्रदेशाची अस्मिता आहे, अशी ती भूमिका होती. निजामाविरुद्ध त्यांनी दाखवलेल्या निष्ठेवर कुणी शंका घेणार नाही. पण इथे ठामपणाची किंमत ठाम राहणाऱ्यांनी मोजली नाही. ती गावकुसाबाहेरच्या झोपड्यांनी मोजली. चांगल्या माणसांचा खंबीरपणाही कुणाच्या दारात जाऊन पडतो, हे पाहावे लागते.

दुसऱ्या बाजूचा ठामपणा सोळा वर्षे टिकला. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी तोडगा निघाला. जुने नाव न पुसता त्याच्या आधी बाबासाहेबांचे नाव आले आणि 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' हा नामविस्तार झाला. एकाने पूर्ण मागणी सोडली, दुसऱ्याने पूर्ण विरोध सोडला. दोघांनीही आपापले मत थोडे बदलले, म्हणून गाव वाचले. आज दर १४ जानेवारीला विद्यापीठाच्या कमानीपुढे जनसागर लोटतो. फुलंब्रीतून शिकायला जाणारी सर्व जातिधर्मांची मुले सहजपणे 'बामू' म्हणतात आणि त्यांच्या पदवीवर तेच नाव असते.

शहराच्या नावाची गोष्ट मात्र वेगळी घडली. औरंगाबादचे नाव बदलण्यास वर्षानुवर्षे विरोध करणारे पक्ष ज्या सरकारमध्ये होते, त्याच सरकारच्या २९ जून २०२२ च्या शेवटच्या बैठकीत नामांतर मंजूर झाले. पुढच्या सरकारने जुलैमध्ये नव्याने निर्णय घेतला, फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी आली आणि मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या. कायद्याने प्रश्न मिटला. नव्या नावाने सुखावलेले लोक आहेत, तसे जुन्या नावाची हळहळ मनात ठेवणारेही आहेत. पण आधी विरोध करणाऱ्या नेत्यांनी आपले मत का बदलले, हे मतदारांना समजावून सांगायला हवे होते. मत बदलणे चूक नाही. कारण न सांगता बदलणे मात्र मतदाराचा अपमान आहे.

रमजानचा रोजा हेच शिकवतो. रोजाची नियत पक्की असते. सहेरीनंतर मगरीबपर्यंत तहान लागली म्हणून कुणी नियत बदलत नाही. पण आजारी माणसाला आणि प्रवाशाला रोजा न ठेवण्याची सवलत आहे. तिला रुखसत म्हणतात. सवलत घेणारा गुन्हेगार ठरत नाही. मात्र सुटलेल्या रोजांचा हिशेब संपत नाही. बरे झाल्यावर, घरी परतल्यावर तेवढे दिवस भरून काढावे लागतात. सहेरी आणि इफ्तारची वेळही थोडीथोडी सरकत जाते. कालचा तक्ता आज जसाच्या तसा वापरता येत नाही, तरीही रोजा तोच असतो.

मताचेही असेच असावे. परिस्थिती बदलली, नवी माहिती मिळाली, समोरच्याचे दुःख कळले, तर मत बदलावे आणि त्याचा हिशेब उघडपणे द्यावा. भीती, लोभ किंवा गर्दीचा रेटा हेच कारण असेल, तर जागेवर उभे राहावे. फुलंब्रीच्या टपरीवर पुढच्या वेळी कुणी म्हणाला, 'मागच्या वेळी तर तू वेगळंच बोलत होतास,' तर रागवायचे कारण नाही. 'हो, बोलत होतो. बस, सांगतो का बदललो ते,' एवढे म्हणून त्याच्यासाठी एक चहा सांगावा.