चेन सेटच्या खोक्यावरचं गणित

मोटरसायकलच्या चेन सेटच्या खोक्यावर चार आकडे सापडतात. समजा ४२८, ११२, १४ आणि ४२. दुकानात आपण गाडीचं नाव सांगतो, खोकं मेकॅनिकच्या हाती देतो आणि चहाला जातो. पण हे आकडे एकदा वाचता आले, की आपल्या पायाजवळ रोज काय घडतंय ते पाहून थक्क व्हायला होतं.

४२८ मधला पहिला आकडा सर्वांत महत्त्वाचा. एका पिनच्या मध्यापासून पुढच्या पिनच्या मध्यापर्यंतचं अंतर तो इंचाच्या अष्टमांशात सांगतो. चार अष्टमांश म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. मोठ्या गाड्यांची ५२० किंवा ५३० ची चेन पाच अष्टमांशाची, म्हणजे १५.८७५ मिलिमीटरची. पुढचे दोन आकडे रुंदीचे. ११२ ही कड्यांची संख्या, १४ पुढच्या स्प्रॉकेटचे दात आणि ४२ मागच्याचे.

या चेनची रचना १८८० सालची आहे. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि मँचेस्टरमध्ये कारखाना काढलेल्या हान्स रेनोल्डने ती घडवली. पिनभोवती बुश, बुशभोवती मोकळा फिरणारा रोलर. दातावर घासण्याचं काम त्यामुळे बरंचसं लोळण्यावर येतं. स्वच्छ, तेल दिलेली चेन इंजिनाची जवळजवळ ९८ टक्के शक्ती चाकापर्यंत पोचवते.

आता ताशी ६० किलोमीटरने चाललेल्या गाडीचा हिशेब करू. मागच्या चाकाचा परीघ साधारण १.९ मीटर धरला, तर ते सेकंदाला पावणेनऊ फेरे घेतं. मागच्या स्प्रॉकेटवरून सेकंदाला सुमारे ३६८ कड्या जातात आणि ११२ कड्यांची अख्खी चेन सव्वातीन वेळा फिरते. दर फेरीत प्रत्येक सांधा चारदा हलतो : दोन्ही स्प्रॉकेटांवर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो. म्हणजे सेकंदाला तेरा वेळा, आणि तेही इंजिनाच्या ओढीखाली. वीस हजार किलोमीटरमध्ये चेन जवळपास चाळीस लाख फेऱ्या मारते.

चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो तेव्हा पोलाद ताणलेलं नसतंच. पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात. एका सांध्यात वहीच्या कागदाइतकी, ०.१ मिलिमीटर झीज झाली, तर ११२ सांध्यांत मिळून ११ मिलिमीटर. आणि ही वाढ सगळ्या कड्यांत सारखी नसते! आतल्या कडीत दोन्ही बुश पट्ट्यांत घट्ट बसवलेले असतात, त्यामुळे त्यांच्यातलं अंतर होतं तेवढंच राहतं. वाढतं ते फक्त बाहेरच्या कडीचं. जुनी चेन म्हणजे एक आखूड, एक लांब, एक आखूड, एक लांब अशी माळ.

इथे दातांची संख्या फार सुंदर रीतीने मध्ये येते. आतल्या-बाहेरच्या कड्या एकाआड एक असल्यामुळे चेनची कडीसंख्या नेहमी सम. पुढचे दातही सम असले, तर ज्या फटीवर आतली कडी बसली तिथे दर फेरीत आतलीच बसणार. त्यात ११२ ला १४ ने बरोबर भाग जातो, म्हणून एका दाताची गाठ ११२ पैकी फक्त आठ कड्यांशी पडते, पुन्हा पुन्हा त्याच आठांशी. एखादी कडी खराब असली तर ती आपल्या ठरलेल्या दातालाच छळत राहते. तेच पुढे १५ दात असते तर? १५ आणि ११२ यांना सामाईक विभाजकच नाही. प्रत्येक दात प्रत्येक कडीला भेटतो आणि झीज सगळीकडे वाटली जाते. म्हणून यंत्ररचनेच्या पुस्तकांत छोट्या स्प्रॉकेटला विषम दात सुचवलेले असतात. अर्थात एवढ्यासाठी कंपनीने ठरवलेलं गुणोत्तर मोडू नये.

गुणोत्तर बदलायचंच असेल, समजा डबलसीट सामानासह वरंधा घाट नेहमी चढायचा आहे, तर गॅरेजमध्ये पहिला सल्ला मिळतो पुढचा एक दात कमी करण्याचा. १४ चे १३ केले, की त्याच वेगाला इंजिन सुमारे पावणेआठ टक्के जास्त फिरतं आणि चढाला जोर मिळतो. मागे तीन दात वाढवूनही जवळपास तेच साधतं. मला दुसरा मार्ग पटतो. स्प्रॉकेट चेनसाठी वर्तुळ नसतंच, तो बहुभुज असतो. कडी कोपऱ्यावरून जाताना चेनचा वेग किंचित कमी-जास्त होतो. १४ दातांना हा फरक अडीच टक्के, १३ ला २.९. शिवाय दात कमी तितकी कडी जास्त वाकते. मागे दात वाढवले तर चेन मात्र बहुधा दोन कड्यांनी लांब घ्यावी लागते.

सेट बदलायची वेळ झाली का, हे कळायला मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी ओढून पाहा. अर्धा दात उघडा पडला, तर पूर्ण सेट बदला, नुसती चेन नको. झिजलेल्या, आकड्यासारख्या वळलेल्या दातांवर नव्या चेनचा मापात असलेला रोलर नीट बसत नाही. सगळा भार थोड्या दातांवर येतो आणि नवी चेन लवकर जाते.

साधी चेन घ्यावी की ओ-रिंगची? पूर्ण चेन कव्हर असलेल्या गाडीला साधी पुरते. कोकणातल्या पावसात उघडी चेन वापरणाऱ्याने मात्र ओ-रिंगचीच घ्यावी. तिच्यात पिन आणि बुशच्या मधलं ग्रीस कारखान्यातच भरून रबरी रिंगांनी कोंडलेलं असतं. झीज नेमकी जिथे होते तिथे चिखलाचं पाणी पोचत नाही. ती थोडी रुंद असते, म्हणून कव्हरला घासत नाही ना ते बघून घ्या. धुवायला पेट्रोल आणि तारेचा ब्रश नको, रिंगा खराब होतात. रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. बाहेरून तेल तरीही द्यायचंच, रोलर आणि दातांसाठी.

बसवताना चेनची टोकं जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपवर लक्ष ठेवा. क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला हवं. उलटं बसवलं आणि समोरून काही घासलं, तर क्लिप उघड्या बाजूने ढकलली जाऊन निसटू शकते.