तलाक आणि राहते घर : ठेवायचे की विकायचे?

दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरून घेत होते. एरवी सगळ्यांत आधी अर्ज देणारा एक मुलगा पत्त्याच्या रकान्याशी अडून बसला होता. जवळ गेले तेव्हा हळूच म्हणाला, "टीचर, पत्ता कुठला लिहू? अब्बूंचा की नानीचा?"

दुसऱ्या दिवशी त्याची आई शाळेत आली. पंधरा-सोळा वर्षांचा संसार, दोन मुले, दोन खोल्यांचा फ्लॅट. तलाक झाला त्याच संध्याकाळी भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेले होते. "आता तिथे एक रात्रही राहणे बरोबर नाही, असे सगळे म्हणाले," ती सांगत होती. इकडे सासरी फ्लॅट विकायचे ठरतही आले होते. तो घेताना तिच्या सहा बांगड्या मोडल्या होत्या. खरेदीखतावर मात्र नाव एकट्या नवऱ्याचे.

आपल्याकडे तलाकवर खूप बोलले जाते. कसा दिला, मेहर किती, भांडीकुंडी परत मिळाली का, हे सारे विचारले जाते. घराचा विषय मात्र शेवटी निघतो आणि रागाच्या भरात उरकला जातो.

इद्दतमध्ये घाई नको

पवित्र कुरआनच्या सूरह तलाकमध्ये पहिल्याच आयतीत आदेश आहे की, इद्दतच्या काळात स्त्रियांना त्यांच्या घरातून काढू नका आणि त्यांनीही उघड दुराचाराची बाब नसेल तर घर सोडू नये. हे घर 'त्यांचे' म्हटले आहे, हे लक्षात घ्या. सहाव्या आयतीत आपल्या ऐपतीप्रमाणे त्यांना राहायला जागा द्या, असे सांगितले आहे. रजई तलाक असेल तर इद्दत संपेपर्यंत रुजूचा दरवाजा उघडा असतो. म्हणजे त्याच संध्याकाळी बॅग भरून निघणे हा दीनचा आदेश नाही, आपला रिवाज आहे. मारहाणीची भीती असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जीव आधी. एरवी इद्दतच्या काळात घराचा सौदा करू नये आणि स्त्रीने कोणत्याही कागदावर घाईने सही करू नये.

नाव कोणाचे, पैसा कोणाचा?

गोव्यात पोर्तुगीजकालीन नागरी कायद्यामुळे सर्वसाधारणपणे पती-पत्नीच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा वाटा धरला जातो. महाराष्ट्रात तसे नाही. इथे घर ज्याच्या नावावर, त्याचे. सोसायटीत सहयोगी सभासद म्हणून नाव आहे एवढ्याने मालकी मिळत नाही. म्हणून आधी खरेदीखत आणि इंडेक्स टू काढून बघा. मग पैशांचा हिशेब मांडा : सराफाच्या पावत्या, माहेरून आलेली रक्कम, पगारातून गेलेले हप्ते, बँकेचे पासबुक.

मात्र नाव नसले म्हणून स्त्री रिकाम्या हाताची ठरत नाही. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्याप्रमाणे मेहर, लग्नात व नंतर मिळालेल्या वस्तू आणि वाजवी व न्याय्य तरतूद हा तिचा हक्क आहे. २००१ मध्ये डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, ही तरतूद इद्दतच्या मुदतीत करायची असली तरी ती तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून करायची आहे आणि तिच्यात निवाऱ्याची गरजही धरता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानेही पत्नीला राहत्या घरातून मनमानीपणे बाहेर काढता येत नाही, मग घर नवऱ्याच्या नावावर का असेना.

भावना आणि हिशेब

"मी भिंती सोडणार नाही," असे त्या बाजी म्हणाल्या. मी त्यांना वहीत तीन आकडे लिहायला सांगितले : महिन्याचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स आणि लाइट बिल. शिवणकामाची कमाई पहिल्या आकड्यालाही पुरत नव्हती. त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या.

कर्ज फिटलेले असेल, मुले शाळेत असतील आणि पतीची तयारी असेल, तर घर आईकडे ठेवणे चांगले. मेहर व तरतुदीपोटी ते तिच्या नावे करता येते. पण दस्त नोंदणीकृत हवा. हप्ते झेपत नसतील तर ओढूनताणून ठेवलेले घर पुढे जप्तीत जाण्याची भीती असते. त्यापेक्षा विकून कर्ज फेडावे. कर्ज दोघांच्या नावे असेल तर विशेष काळजी घ्या. तलाकनाम्यात 'हप्ते पती भरेल' असे लिहिले, तरी बँक स्वतः नाव कमी करीपर्यंत दोघांनाही जबाबदार धरते.

"मुलांसाठी ठेवले आहे"

हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. पण शरीअतमध्ये वडील हयात असताना त्यांच्या मालमत्तेत मुलांचा जन्मतः वाटा नसतो. उद्या वडिलांनी दुसरा निकाह केला, तर त्यांच्या पश्चात त्या पत्नीचा आठवा हिस्सा आणि तिच्या मुलांचे हिस्से त्याच घरात निघतात. ते त्यांचे हक्कच आहेत. वारसाच्या नावे केलेली वसीयत इतर वारसांच्या संमतीशिवाय चालत नाही. म्हणून खरोखरच मुलांना द्यायचे असेल तर हयातीत हिबा करावा आणि मुलांमध्ये बरोबरी राखावी. महाराष्ट्रात राहते घर पत्नी किंवा मुलांना बक्षीसपत्राने देताना मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. नोंदणीचा खर्च व स्थानिक अधिभार वेगळा. पत्नीसाठीची ही सवलत ती पत्नी असेपर्यंतच, हे विसरू नये. कर्ज बाकी असेल तर आधी बँकेची परवानगी घ्यावी.

त्या कुटुंबात अखेर दोन्हीकडचा एकेक वडीलधारा माणूस बसला. जुन्या पेटीत सराफाची पावती सापडली. नवऱ्याने बांगड्यांची गोष्ट नाकारली नाही, ही त्याची भलाई. ठरले असे की, मुलाची परीक्षा होईपर्यंत आई आणि मुले फ्लॅटमध्येच राहतील, तो भावाकडे राहील. त्यानंतर फ्लॅट विकून कर्ज फेडायचे, आणि उरलेल्या रकमेतून मेहर, बांगड्यांचे पैसे व तरतूद तिला आधी द्यायची. सगळे स्टॅम्प पेपरवर लिहिले, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. आज त्या बाजींची एक खोली आहे, शाळेच्या मागच्या गल्लीत, स्वतःच्या नावावर. फ्लॅटची आठवण येते, असे त्या म्हणतात. पण पहिल्या तारखेची धास्ती उरलेली नाही.

सूरह बकरहमध्ये विभक्त होतानाही एकमेकांशी उदारतेने वागणे विसरू नका, अशी ताकीद आहे. ती उदारता घराच्या कागदावरही दिसली पाहिजे. अर्ज भरताना त्या मुलाने शेवटी फ्लॅटचाच पत्ता लिहिला होता. परीक्षेचे पत्र त्याच पत्त्यावर आले आणि घ्यायला तो घरीच होता.